दुधाच्या खाड्याशेजारी एक ओळ: लहान पोरं सांभाळता सांभाळता घरच्या आठवणी कशा जपायच्या

धाकटा पहिल्यांदा काही न धरता उभा राहिला तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला, चार वर्षांची लेक ओट्याखाली बसून मटार सोलतेय, आणि हा दारात चौकट सोडून उभा, डोळे एवढे मोठे करून. मोजून चार-पाच सेकंद, मग बदकन खाली. मी फोन आणायला पळाले असते तर तेवढं बघायलाही मिळालं नसतं, आणि त्याने मान वर केली तेव्हा त्याला माझी पाठ दिसली असती. म्हणून गेले नाही. रात्री भांडी आवरल्यावर भिंतीवरच्या कालनिर्णयवर, जिथे दुधाचा खाडा लिहितो त्याच चौकोनात लिहिलं, "दारात सुटा उभा राहिला. ताई म्हणाली, आई बाळाचा खांब झाला."

फोटो नाहीये त्याचा. पण ती ओळ वाचली की मला मटाराचा वाससुद्धा येतो.

आमच्या सोसायटीतल्या नव्या आया विचारतात की दोन लहान पोरं, घर, ऑफिस, ह्यात आठवणी बिठवणी जपायला वेळ कुठून काढतेस. वेगळा वेळ निघतच नाही हो, पहिली दोन-तीन वर्षं तरी नाहीच, त्यामुळे जे काही करायचं ते कुकरच्या तीन शिट्ट्यांमध्ये बसलं पाहिजे असं मी ठरवूनच टाकलंय. खाली लिहिलंय ते सगळं तेवढ्यात बसतं, एक-दोन गोष्टी सोडून.

सगळ्यात आधी कॅलेंडर. बाळाची ती सुंदर छापील रेकॉर्ड बुक मिळतात ना, पहिला दात, पहिलं पाऊल, ठसा इथे लावा वगैरे, मोठीच्या वेळी मी आणलं होतं, चौथ्या पानानंतर कोरं आहे. कारण ते कपाटात असतं. कपाट उघडायचं, ते काढायचं, पेन शोधायचं, तोवर कोणीतरी रडतं. भिंतीवरचं कॅलेंडर डोळ्यासमोर असतं, त्याच्याकडे दिवसातून दोनदा जातोच आपण, दूध, गॅस, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या, चतुर्थी कधी आहे. कालनिर्णय १९७३ पासून निघतंय आणि माझ्या माहेरीही ते स्वयंपाकघराच्या दारामागेच असायचं, चौकोनात आईचं बारीक अक्षर. तर त्याच्या खिळ्याला दोऱ्याने पेन्सिल बांधा. बांधाच, नुसती ठेवली तर संध्याकाळपर्यंत ती पोरांच्या हातात आणि उद्या सोफ्याखाली.

काय लिहायचं? मोठं काही नाही. पोरं जे बोलली ते, आणि जसं बोलली तसंच. आमची लेक घडी घातलेली पोळी बघून म्हणाली होती "पोळीने पांघरूण घेतलं". कुकरची शिट्टी झाली की "कुकर ओरडला मला". ही वाक्यं आपल्याला वाटतं कशी विसरू, पण आठ दिवसांत जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे आपण ती सुधारून लक्षात ठेवतो. ती "तावला" म्हणायची की "कावला" हे मला आज छातीठोक सांगता येत नाही, कारण तेव्हा लिहिलं नाही. म्हणून बोबडं असेल तर बोबडंच लिहा, चुकलेलं असेल तर चुकलेलंच. रोज लिहायलाही नको. आठवड्यात दोन चौकोन भरले तरी वर्षाला शंभर ओळी होतात.

आता फोटो. इथे जरा सविस्तर सांगते कारण चुका बहुतेक इथेच होतात आणि थोडं बदललं तरी खूप फरक पडतो.

पहिली गोष्ट, लेन्स पुसा. पोरांच्या घरात फोनच्या लेन्सवर तूप, केळं, वरण यातलं काहीतरी असतंच, आणि मग फोटो धुरकट येतात आणि आपण फोन जुना झाला म्हणतो. ओढणीच्या टोकाने पुसलं तरी चालतं. दुसरं, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण दोनदा पटपट दाबलं की लॉक न उघडता थेट कॅमेरा सुरू होतो, ते सेटिंगमध्ये एकदा चालू करून ठेवा. तिसरं, खाली बसा. उभ्याने काढलेल्या फोटोत पोरांचं डोकं मोठं, पाय इवलेसे आणि मागे फक्त फरशी दिसते. जमिनीवर मांडी घालून फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आणला की मागे घर दिसतं, आजीचे पाय दिसतात, देव्हारा दिसतो, आणि ते सगळं वीस वर्षांनी चेहऱ्याइतकंच बघावंसं वाटणार आहे. मी माझ्या लहानपणीच्या फोटोंमध्ये आता स्वतःला कमी आणि मागची फळी, त्यावरचे पितळेचे डबे, भिंतीचा तो हिरवट रंग हेच जास्त बघते.

आणि अगदी तोंडाजवळ फोन नेऊ नका, जवळून नाक फुगतं. दोन पावलं मागे या.

उजेडाचं म्हणाल तर खिडकी. ट्यूबलाइटखाली किंवा संध्याकाळी दिव्याखाली फोनला उजेड कमी पडतो, मग तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, तेवढ्यात पोरगं हललेलं असतं आणि हात म्हणजे नुसता फराटा. सकाळी खिडकीशेजारी तेच पोरगं तितकंच हललं तरी फोटो स्पष्ट येतो कारण शटर पटकन बंद होतं. त्यामुळे मी काय करते, खेळण्यांची टोपली खिडकीजवळ ठेवते. पोरं आपोआप तिकडे जाऊन बसतात, हाका मारायला लागत नाहीत. फ्लॅश बंदच ठेवा कायमचा.

"इकडे बघ, हस, हस ना" हे शक्यतो बंद करा. लेक तीन वर्षांची होईपर्यंत कॅमेरा दिसला की दात विचकायला शिकली होती, तो तिचा चेहराच नाहीये. आता मी काही बोलत नाही, ती ठोकळे रचत असते तेव्हा बाजूला बसून तीन-चार काढते आणि फोन खाली ठेवते. फोन खाली ठेवणं महत्त्वाचं. सलग दहा मिनिटं फोनमधून पोरांकडे बघत राहिलं की त्यांना कळतं की आई आहे पण नाहीये. आणि "नको" म्हणाली तर नको, चार वर्षांच्या मुलीचं नकोसुद्धा नकोच असतं, मी लगेच ठेवते.

दोघं एकाच वेळी असले की काय करायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. तान्हं मांडीवर आणि मोठीचं काहीतरी छान चाललंय, किंवा उलटं. यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे मोठीला कामाला लावणं. घरातला जुना फोन, सिम काढलेला, इंटरनेट बंद, त्यात फक्त कॅमेरा. तो तिला रविवारी सकाळी अर्धा तास मिळतो. त्यात पंख्याचे, चपलांचे, माझ्या गुडघ्याचे ढीगभर फोटो निघतात, पण त्यातच एकदा तिने धाकट्याचा काढलेला, तो पाटावर हात ठेवून तिच्याकडे बघून हसतोय, तसं तो माझ्याकडे बघून कधी हसत नाही. बहिणीकडे बघून हसतो. तो फोटो दुसरं कोणी काढूच शकलं नसतं. तिच्या ढिगातले दोन-तीन ठेवायचे, बाकीचे तिच्यासमोर नाही, ती झोपल्यावर डिलीट करायचे.

एक गोष्ट मात्र पक्की. पाणी, गॅस, जिना, फटाके यांच्याजवळ मूल आणि घरात आपण एकट्याच असू तर फोन हातात नकोच. आंघोळीच्या टबात बाळ छान खेळत असतं, वाटतं एकच काढू, पण तान्ह्या मुलाला बुडायला बोटभर पाणी पुरतं आणि आवाजही होत नाही. दिवाळीत फुलबाजी लावतानाही तसंच, एक मोठं माणूस पोराजवळ आणि दुसरं फोनवर. दुसरं माणूस नसेल तर फोटो नाही.

सणांचं आता एक उदाहरण नीट सांगते, बोरन्हाणाचं, कारण जानेवारीत मला ह्याबद्दल हमखास फोन येतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात, आणि फोटोच्या दृष्टीने हा सगळ्यात अवघड सण आहे. एक तर काळं झबलं आणि त्यावर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने. फोनला एवढं काळं दिसलं की तो सगळंच उजळ करतो आणि मग हलवा नुसता पांढरा चट्टा दिसतो, काटा दिसतच नाही, आणि तो काटा आणायला कुणीतरी किती खपलेलं असतं. तर स्क्रीनवर बाळाच्या चेहऱ्यावर बोट टेकवायचं, शेजारी छोटा सूर्य येतो, तो थोडा खाली ओढायचा, हलव्याचा एकेक दाणा दिसेपर्यंत. दुसरं, दागिन्यांचा फोटो बाळाला बसवायच्या आधी काढून घ्या, ताटात मांडलेले असतानाच, कारण मुकुट डोक्यावर फार तर दोन मिनिटं टिकतो, मग तो हातात आणि मग तोंडात.

न्हाण स्वतः किती वेळ चालतं, तर मिनिटभर. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, हल्ली गोळ्या चॉकलेटं, सगळं डोक्यावरून ओततात आणि त्याच क्षणी सोसायटीतली पोरं झडप घालतात. समोरून शूट करू नका, समोर पोरांच्या पाठीच येतात. पाटाच्या बाजूला, भिंतीला टेकून जमिनीवर बसा आणि ओतायच्या दहा सेकंद आधीच व्हिडिओ चालू करा. बाळाच्या चेहऱ्यावर जे होतं ना, आधी दचकतं, मग आईला शोधतं, मग स्वतःच्या मांडीत पडलेलं एक बोर उचलून निरखतं, ते बाजूनेच दिसतं. स्लो मोशन घरात टाळा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, डोळ्यांना कळत नाही पण स्लो मोशनमध्ये सगळं लपलप दिसतं. आणि हे शूटिंग आईने करायचंच नाही. मामाला, काकूला, शेजारच्या दहावीतल्या ताईला आदल्या दिवशी सांगून ठेवा, कुठे बसायचं तेही दाखवा. आईचे हात बाळाजवळ पाहिजेत, बोर आणि कडक गोळी लहान पोराच्या घशात अडकू शकते, त्यावर एका मोठ्या माणसाची नजर त्या वेळी हवीच.

बाकी सणांना माझा नियम एकच, वीस सेकंदांचा एक व्हिडिओ आणि पाच फोटो, बास. गणपतीची पूर्ण आरती कोणी परत बघत नाही, पण धाकटा झांज उलटी धरून वाजवतोय ते वीस सेकंद आम्ही पन्नासदा बघितलेत.

आवाज. हे मला खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. फोटो सगळेच काढतात, आवाज कोणी ठेवत नाही.

माझी आजी पहाटे जात्यावर बसायची असं आई सांगते, ओव्या म्हणायची, मी तिच्या मांडीवर झोपलेली असायचे म्हणे. मला त्यातली एक ओळ येत नाही. तिचे फोटो आहेत चार, आवाज कुठेच नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायांकडून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा करून ठेवल्या, ते कळलं तेव्हा किती तरी वेळ मी त्या ऐकत बसले होते. सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या आज्या. माझी त्यात नव्हती.

म्हणून आमच्या घरात आता आठवड्यातून एकदा तरी रेकॉर्डिंग होतं. सासूबाई रात्री दोघांना चिऊताई-कावळ्याची गोष्ट सांगतात, "थांब माझ्या बाळाला तीट लावते", आणि लेक प्रत्येक वेळी मध्येच विचारते की कावळा भिजला तर त्याला ताप येईल ना, आणि आजी प्रत्येक वेळी वेगळं उत्तर देतात. फोनमधलं साधं रेकॉर्डर अ‍ॅप पुरतं. फोन उशीशेजारी घडी केलेल्या दुपट्यावर ठेवा, टेबलावर ठेवला तर प्रत्येक धक्का घुमतो. पंखा एकावर आणा, नाहीतर गोष्टीपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका. आणि "आई, बोला आता, चालू केलंय" असं म्हणू नका, त्या एकदम शाळेत उभं केल्यासारख्या बोलायला लागतात. आमच्याकडे सासूबाईंना आधीच विचारून ठेवलंय की मी अधूनमधून लावत जाईन, चालेल ना, त्या म्हणाल्या लाव गं. मग मी गुपचूप चालू करते आणि भांडी घासायला जाते. पंधरा मिनिटांची फाइल झाली तरी होऊ दे. दुसऱ्या दिवशी तिला नाव द्यायचं, तारीख, कोण, काय, म्हणजे "२०२५ जानेवारी आजी चिऊताई ताप". नुसतं रेकॉर्डिंग ४७ असं राहिलं तर पाच वर्षांनी कोणी उघडणार नाही.

आजोबांना गोष्टी सांगता येत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी त्यांच्या हातात एखादा जुना फोटो द्यावा आणि नातवाला विचारायला लावावं, हे कोण. आमचे सासरे एरवी दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत, पण एसटीच्या टपावर चढलेल्या मित्रांच्या एका फोटोवर पाऊण तास बोलले.

आता आईबद्दल, म्हणजे तुमच्याबद्दल. तुमच्या फोनमधले गेल्या महिन्याचे फोटो चाळा आणि तुम्ही किती फोटोंत आहात ते मोजा. मी मोजले होते, तीनशे चाळीसमध्ये दोन, त्यातल्या एकात फक्त हात. हे बरोबर नाही. पोरं मोठी झाल्यावर विचारतील की आई तू कुठे होतीस, तर मी होतेच ना, सगळ्या फोटोंच्या अलीकडे. मी नवऱ्याला सरळ सांगितलं, दर रविवारी माझा पोरांबरोबर एक फोटो काढायचा, मी कशीही असले तरी, केस विंचरलेले नसले तरी. नुसतं "काढत जा ना" म्हटलं तर होत नाही, वार ठरवावा लागतो. एकट्या असाल तर फोन स्टीलच्या डब्याला टेकवून व्हिडिओ चालू करा आणि पोरांबरोबर खाली बसा, पाच मिनिटांनी बंद करा. त्यातून हवा तो क्षण थांबवून स्क्रीनशॉट काढता येतो. थोडा कमी स्पष्ट येतो, पण त्यात तुम्ही असता.

साठवणं, हे कंटाळवाणं आहे, पण मोठीच्या पहिल्या आठ महिन्यांचे फोटो माझ्याकडे नाहीत म्हणून कळकळीने सांगतेय. फोन बंद पडला, एका दुकानात दिला, त्यांनी न विचारता रिसेट मारला, संपलं. बॅकअप नव्हता. मला बाळंतपणातून उठून ते करायचं सुचलंच नव्हतं. जे थोडेफार वाचले ते नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले, आणि तेही बारीक झालेले, कारण साधा फोटो पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं. शिवाय तसा आलेल्या फोटोच्या फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती तो आपल्याकडे आला त्या दिवसाची असते, काढला त्या दिवसाची नाही, त्यामुळे बारसं आधी की उष्टावण असा घोळ होतो. महत्त्वाचा फोटो पाठवायचा किंवा मागवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तो जसाच्या तसा जातो.

गुगल फोटोजवर पूर्वी कितीही फोटो फुकट राहायचे, ते १ जून २०२१ पासून बंद झालं, आता १५ जीबी आणि त्यातच जीमेल आणि ड्राइव्हही. भरलं की बॅकअप थांबतो, आणि एखादी नोटिफिकेशन येते ती आपण पोरांच्या गडबडीत सरकवून टाकतो. त्यामुळे महिन्यातून एकदा बघा की शेवटचा फोटो वर चढलाय का. त्याशिवाय एक हार्ड डिस्क, वर्षातून दोनदा, मी मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत भरते, आणि ती माहेरी ठेवते. एकाच घरात दोन प्रती ठेवल्या आणि त्या घरात पाणी शिरलं तर दोन्ही जातात.

निवडणं हे तान्हं अंगावर पीत असताना होतं, तेवढाच एक हात मोकळा असतो. सारखे दिसणारे बारा असले तर एक ठेवा. महिन्याचे दहा निवडा, वर्षाचे एकशेवीस, आणि ते चक्क प्रिंट काढा, कोपऱ्यावरच्या फोटो लॅबमध्ये चार बाय सहाचे. मागे मऊ पेन्सिलीने तारीख आणि नाव, बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे उमटतो. चिकट पानांवर प्लॅस्टिक ओढायचे ते जुने अल्बम घेऊ नका, आमच्या लग्नाच्या आधीचे कितीतरी फोटो त्या गोंदाने पिवळे पडलेत आणि काढायला गेलं की फाटतात. खिशांचा अल्बम घ्या आणि तो पोरांच्या हाताला लागेल असा खालच्या कप्प्यात ठेवा. चुरगळेल एखादा, परत प्रिंट मिळतो.

काय कुठे टाकायचं नाही हेही आधीच ठरवा. आंघोळीचे, उघडे फोटो कुणालाच नाही, आत्याच्या ग्रुपवरही नाही. शाळेचा गणवेश, शाळेचं नाव, सोसायटीची पाटी दिसणारे स्टेटसला नाही. घरातल्या मोठ्यांना वाईट वाटतं कधीकधी, त्यांना प्रिंट नेऊन द्या, ते स्टेटसपेक्षा जास्त खूश होतात, सासऱ्यांनी तर एक पाकिटात ठेवलाय.

आणि डिसेंबर संपताना जुनं कालनिर्णय रद्दीत घालू नका. मी बाराही पानांचे खिडकीजवळ फोटो काढते, मग ते गुंडाळून रबर लावून वरच्या फळीवर. परवा नवं लावताना लेक म्हणाली वाच ना मागचं, मग आम्ही दोघी खाली बसलो, मार्चचं पान, २ तारखेला दूध खाडा, ५ ला गॅस आला, ७ ला "आज म्हणाली चंद्र आपल्या रिक्षाच्या मागे मागे येतोय, त्याला पण घरी जायचंय". ती ऐकत होती आणि म्हणाली, हो, येत होता.